मोबाईलचा किब्ला आणि कुलपाची सावली

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही मुंब्र्यातच एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत राहायला गेलो. सामान लागायच्या आधी वाद लागला. किब्ला कुठे? थोरल्याने अ‍ॅप उघडलं, बाण स्वयंपाकघराकडे. अम्मी म्हणाल्या, "सूर्य या खिडकीत मावळतो, म्हणजे किब्ला तिकडे." दोघांनी आपापला मुसल्ला आपापल्या दिशेला टाकला. संध्याकाळपर्यंत दोघांचं बोलणं बंद.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून न्याय माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर दोघंही चुकले होते.

आधी अम्मींचं. सूर्य पश्चिमेला मावळतो हे आपण पाठ केलेलं असतं, पण बरोबर पश्चिमेला तो वर्षातून दोनच वेळा मावळतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. मुंबईकडून पाहिलं तर जूनमध्ये तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला सरकतो आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. मावळतीवर मुसल्ला लावला तर तो वर्षभर फिरवत बसावं लागेल.

आता अ‍ॅपचं. त्याचं गणित बरोबर असतं. मुंबईहून किब्ला पश्चिमेच्या सुमारे १० अंश उत्तरेला आहे. गडबड होते ती उत्तर शोधताना. मोबाईलमधलं होकायंत्र पृथ्वीचं चुंबकत्व मोजतं आणि ते फार दुबळं असतं. जवळ लोखंडी कपाट असेल, स्पीकर असेल, मोबाईलच्या कव्हरला चुंबकाचं बटण असेल, तर बाण खुशाल भरकटतो. आमचा थोरला कपाटाला टेकून उभा होता!

हे १० अंश कुठून आले, हेही बघण्यासारखं आहे. नागपूर साधारण २१.१५ अंश अक्षांशावर, मक्का २१.४२ वर. सपाट नकाशावर पाहिलं तर नागपूरकरांचा किब्ला जवळजवळ सरळ पश्चिमेला दिसतो. पण शाळेतल्या पृथ्वीगोलावर नागपूर ते मक्का दोरा ताणून धरा. दोरा आधी थोडा उत्तरेकडे झुकतो. नागपूरचा किब्ला पश्चिमेच्या ८ अंश उत्तरेला निघतो, कारण जमीन गोल आहे. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने शहरांचे अक्षांश-रेखांश काढण्यावर आख्खी किताब लिहिली आणि तिच्यात गझनी शहराचा किब्ला गणिताने काढून दाखवला. त्याच्याकडे मोबाईल नव्हता, हे मी वर्गात मुद्दाम सांगते.

मग घरी न्याय कसा केला? मे महिन्यात मराठी पेपरांत 'शून्य सावली दिवस' छापून येतो ना, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली गायब होते, तो दिवस मक्केतही वर्षातून दोनदा येतो. २७-२८ मेला तिथल्या १२ वाजून १८ मिनिटांनी आणि १५-१६ जुलैला १२ वाजून २७ मिनिटांनी. तेव्हा सूर्य काबा शरीफच्या बरोबर वर असतो. म्हणजे त्या क्षणी जगात ज्याला ज्याला सूर्य दिसतो, त्याने सूर्याकडे तोंड केलं की किब्ला सापडला. आपल्या घड्याळात मेची वेळ येते दुपारी २.४८ आणि जुलैची २.५७. जुलैत आपल्याकडे ढग, त्यामुळे मेच भरवशाचा.

२८ मेला जोहरनंतर गॅलरीत सुतळीला कुलूप बांधून टांगलं. काठी वाकडी उभी राहू शकते, लोंबतं कुलूप नाही. २.४८ ला सुतळीच्या सावलीवर खडूने रेघ मारली. सावली सूर्याच्या उलट बाजूला पडते, म्हणून सावलीच्या टोकाकडून सुतळीकडे जाणारी दिशा हा किब्ला. त्या वेळी आपल्याकडे सूर्य बराच वर असतो, १ मीटर उंचीची सावली साधारण ६० सेंटीमीटर पडते. पाच मिनिटं इकडे-तिकडे झाली तरी दिशेत जाणवण्याइतका फरक पडत नाही.

रेघ अम्मींच्या आणि थोरल्याच्या मुसल्ल्यांच्या मधून गेली, अम्मींच्या जास्त जवळून. लगेच अम्मींचा प्रश्न, "मग इतक्या दिवसांच्या माझ्या नमाजा?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते इमाम साहेबांकडे. ते हसले. म्हणाले, दूरच्या माणसाने दिशेचा प्रामाणिक शोध घेतला की झालं, थोड्या अंशांसाठी घरात भांडू नका, आणि मशिदीच्या सफा मोजायला तर मुळीच येऊ नका. मला वाटतं, हे शेवटचं माझ्यासाठी होतं.

खडू पुसला जाईल म्हणून अम्मींनी रेघेवर पिवळी चिकटपट्टी लावून घेतली. थोरला अजून म्हणतो, अ‍ॅप बरोबरच होतं, दोष कपाटाचा.