गावठाणाचा नकाशा : मोजणी आकाशातून, निर्णय गावात

शेताच्या बांधाचा वाद निघाला की सातबारा व मोजणीचा नकाशा पाहता येतो. घराच्या भिंतीचा वाद निघाला तर काय पाहावयाचे, या प्रश्नाला सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक लहान गावांत पिढ्यान्‌पिढ्या उत्तर नव्हते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जी जमीनमोजणी झाली, तिचा हेतू शेतसारा ठरविणे हा होता. त्यासाठी ३३ फुटी शंकुसाखळीने शेते मोजली गेली. गावठाणावर सारा नसल्याने ते नकाशावर एक अखंड तुकडा म्हणूनच राहिले. पुढे मोठ्या गावांच्या गावठाणांचे भूमापन झाले. लहान गावे मात्र मागे राहिली.

अशा गावात घरमालकाच्या हाती असते ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची नोंद. घरपट्टी कोणाकडून घ्यावयाची, एवढेच ती सांगते. तिने मालकी सिद्ध होत नाही व हद्दही कळत नाही. त्यामुळे घर तारण ठेवून कर्ज मिळविणे कठीण जाते, भावांच्या वाटण्या अडतात आणि सार्वजनिक जागेवरील अतिक्रमण कोठून सुरू झाले हेही ठरविता येत नाही. कृष्णाकाठी या उणिवेची झळ अधिक तीव्र असते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. पुरात मातीची भिंत विरघळली की तिच्याबरोबर हद्दीचा एकमेव पुरावाही जातो.

ही उणीव दूर करण्यासाठी ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्रात प्रथम पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाला. ग्रामविकास विभाग, भूमी अभिलेख विभाग व भारतीय सर्वेक्षण विभाग यांच्या सहकार्याने तो राज्यभर नेण्याचे ठरले. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने ‘स्वामित्व’ या नावाने अशीच योजना देशात सुरू केली. पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता.

कामाची पद्धत

प्रथम ग्रामसभेत योजनेची माहिती दिली जाते. त्यानंतर गावठाणाची बाहेरील हद्द निश्चित करून प्रत्येक मिळकतीच्या सीमा चुन्याच्या फक्कीने आखल्या जातात. ड्रोन गावावरून ठराविक पट्ट्यांत उडतो व एकमेकांवर येणारी छायाचित्रे घेतो. जमिनीवरील स्थान अचूक ठरविण्यासाठी उपग्रहांचे संकेत अखंड नोंदविणाऱ्या संदर्भ केंद्रांचे जाळे उपयोगी पडते. छायाचित्रे जुळवून संगणकावर नकाशा तयार होतो. भूमी अभिलेखचे कर्मचारी तो घेऊन गावात येतात व प्रत्यक्ष स्थितीशी ताडून पाहतात. शेवटी चौकशी अधिकारी हक्कांची चौकशी करतो आणि मिळकत पत्रिका तयार होते. निर्णय मान्य नसल्यास अपिलाचा मार्ग खुला असतो.

यंत्राची मर्यादा

ड्रोनला छप्पर दिसते. भिंत दिसतेच असे नाही. पत्रा भिंतीच्या दोन फूट पुढे आलेला असेल, तर पागोळीखालची जागा कोणाची, हे छायाचित्र सांगू शकत नाही. पाटण, जावळीकडील वाड्यांत झाडांच्या दाट सावलीखाली आखलेली फक्की दिसेनाशी होते. अशा ठिकाणी जागेवर जाऊन मोजणे अटळ असते. जत, आटपाडीकडे अनेक कुटुंबे शेतातील वस्त्यांवर राहतात. ती घरे गावठाणाबाहेर असल्याने या मोजणीत येतीलच असे नाही, हेही संबंधितांना वेळीच समजावून सांगितले पाहिजे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, रेषा कोठे आहे हे यंत्र दाखविते. ती कोणाची आहे हे गावानेच सांगावयाचे असते. साताऱ्याच्या डोंगरी भागातील कित्येक कुटुंबांचा एक भाऊ गावी, तर दुसरा मुंबईस असतो. चौकशीच्या दिवशी जो हजर, त्याचेच नाव लागले, तर नवा नकाशा जुन्या भांडणात भर घालील. विधवा व विवाहित मुली यांचे वारसहक्कही अशाच वेळी दुर्लक्षिले जातात.

म्हणून पंचायत सदस्यांनी पुढील दक्षता घेणे अगत्याचे आहे. चौकशीची तारीख केवळ फलकावर न लावता दवंडीने व बाहेरगावी असलेल्यांना दूरध्वनीने कळवावी. फक्की आखताना दोन्ही शेजारी उपस्थित असावेत. रस्ते, पाणवठे, देवळे व मोकळ्या जागा गावाच्या नावे नोंदविल्या जात आहेत की नाही, हे पाहावे. शिक्षकांनी नोटिशीचा अर्थ निरक्षरांना वाचून सांगितला, तर मोठेच साहाय्य होईल.

पत्रिका मिळाली म्हणजे काम संपले असे नव्हे. खरेदी, वाटणी, वारस यांची नोंद वेळोवेळी झाली नाही, तर काही वर्षांतच हा नकाशा गावातील वस्तुस्थितीपासून दूर जाईल. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या नावे असलेला सातबारा अनेकांनी पाहिला आहे. घराच्या पत्रिकेची तशी गत होऊ न देणे हे आता गावाच्याच हाती आहे.