पितळेला वय देताना

२०२१च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर किती दारं-कपाटं दुरुस्त झाली असतील! अशा दुरुस्तीत एक अडचण हमखास येते. जुन्या सागवानी कपाटाला पितळेची नवी बिजागरी लावली, की ती सोन्याच्या दातासारखी चमकत राहते. आमच्या महाड-पोलादपूरच्या पावसात पितळ आपसूक तपकिरी होतंच, पण त्याला वर्षं लागतात. विजेचा मुलामा न देता तो रंग घरीही आणता येतो.

आधी स्वच्छता. नव्या वस्तूवर बहुधा लॅकरचा पारदर्शक थर असतो. तो थिनरने काढल्याशिवाय कुठलाच रंग धरत नाही. मग आमसुलाच्या पाण्याने घासायचं, धुवायचं आणि पुन्हा बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागेल तिथे डाग राहतो.

सर्वांत सोपा रंग वाफेचा. झाकणाच्या बरणीत तळाला थोडं अमोनियाचं पाणी, वर दोऱ्याने टांगलेली वस्तू. ती पाण्याला टेकता कामा नये. काही तासांत तपकिरी झाक येऊ लागते. आधी मिठाचं पाणी लावलं तर हिरवट-निळी. बरणी मोकळ्या हवेत, तोंड लांब ठेवून उघडावी. मनासारखी छटा आली की वस्तू धुवून, वाळवून तिला मेण चोळावं.

मात्र हा अमोनिया पितळेचा छुपा वैरीही आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि त्यांची पितळी कवचं आपोआप तडकत. त्याचा उलगडा १९२१मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, असं ते त्रिकूट होतं. तेव्हा स्प्रिंग, भार पेलणारा स्क्रू आणि विशेषतः झोपाळ्याच्या कड्या या बरणीत कधीही टांगू नयेत. त्या चमकल्या तर चमकू द्याव्यात. त्यांच्यावर घरातली मुलं बसतात.

काळा रंग हवा असेल तर गंधकाचं द्रावण लागतं. पण ते तांब्यावर झटकन चढतं, पितळेवर रेंगाळतं. म्हणून वस्तू आधी मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी तारेला टेकवून ठेवतात. तिच्यावर तांब्याचा पातळ थर बसतो, मग काळा रंग नीट धरतो. मोरचूद विषारी आहे, हे विसरू नये.

खाण्यापिण्याच्या भांड्याला यातलं काहीच नको. तिथे कल्हईच. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने पसरायचं. पिवळं पितळ डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. आणि गंमत म्हणजे, त्या नवसागरातही अमोनियाच असतो.