किड्याच्या पोटात काय आहे?

लेखमाला : घरातला बिअर्डेड ड्रॅगन – भाग ५

मागच्या भागात आपण उष्णतेचा दिवा आणि अतिनील किरणांची नळी यांची मांडणी पाहिली. पेटी नीट तापू लागली की पुढचा प्रश्न खाण्याचा. पालेभाज्यांचं पुढच्या आठवड्यात पाहू. आज फक्त किडे, कारण वर्धा जिल्ह्यात चूक होण्याचा सर्वांत मोठा धोका इथेच आहे.

ही चूक अगदी साध्या विचारातून होते. आपल्या कुंपणावरचा सरडा आणि हा ऑस्ट्रेलियातला पाहुणा एकाच, म्हणजे अ‍ॅगॅमिडी कुळातले. आपला सरडा दिवसभर धुऱ्यावर किडे टिपत असतो. मग पावसाळ्यात वावरात सहज सापडणारे नाकतोडे पेटीत सोडले तर काय बिघडलं? बरंच बिघडू शकतं, आणि त्याची दोन कारणं आहेत.

वावरातला किडा का नको?

पहिलं कारण फवारणी. हिंगणघाट, देवळी, आर्वी, सेलू, कुठेही जा; पावसाळा सुरू झाला की पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर उभी असते. तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळी, चक्रीभुंगा यांच्यासाठी फवारे चालू असतात. फवारा लागलेला प्रत्येक किडा तिथल्या तिथे मरत नाही. काही किडे सुस्तावतात, त्यांना नीट उडी मारता येत नाही, आणि नेमके तेच आपल्या हाती लागतात. सहज पकडता आलेला नाकतोडा सर्वांत संशयास्पद, हे लक्षात ठेवा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले. माणसाचा जीव घेणाऱ्या या औषधांपुढे चार-पाचशे ग्रॅमच्या प्राण्याचा काय निभाव लागणार? नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू तर अवघं दोन-तीन ग्रॅमचं असतं.

शेतापासून दूरच्या गवतावरही भरवसा ठेवता येत नाही. वाऱ्याबरोबर फवारा पसरतो, रस्त्याकडेला तणनाशक मारलेलं असतं, वस्तीत डासांसाठी धुरळणी होते. घरातलं झुरळ तर मुळीच नको. ते कोणत्या घरातल्या कीटकनाशकाच्या खडूवरून चालत आलं, हे कळायला मार्ग नसतो.

दुसरं कारण किड्यांचं स्वतःचं विष. पावसाळ्याच्या तोंडावर चमकणारा काजवा बिअर्डेड ड्रॅगनसाठी जीवघेणा आहे. काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि एक काजवा खाऊनही हा प्राणी मेल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला रुईवर निळे-पिवळे पट्टे मिरवणारा नाकतोडा दिसतो. तो रुईच्या चिकातलं विष स्वतःच्या अंगात साठवतो. मूग-तुरीच्या फुलांवर बसणारे काळ्या-केशरी पट्ट्यांचे भुंगेही तसेच. अंगावर चिरडले तर माणसाच्या कातडीला फोड येतात. केसाळ अळ्या आणि ढालकिडेही याच यादीत घाला. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातून आलेल्या या प्राण्याला इथले धोके ओळखता येत नाहीत. समोर हललं की तो झडप घालतो. त्यामुळे निवड करण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली.

मग द्यायचं काय?

नियम एकच : ज्याने काय खाल्लं हे आपल्याला ठाऊक आहे, तोच किडा द्यायचा. नेहमीच्या खाण्यासाठी पैदास केलेले रातकिडे किंवा डुबिया झुरळं चांगली. मीलवर्म आणि सुपरवर्ममध्ये चरबी जास्त असते, म्हणून ते अधूनमधून आणि मोठ्या सरड्यालाच. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत कॅल्शियम भरपूर असतं, पण ती ओल्या कचऱ्यावर वाढवलेली नसावी.

आपल्या भागात आणखी एक चांगला पर्याय आहे : रेशीमअळी. विदर्भात तुती लावून रेशीम काढणारे शेतकरी आहेत, राज्याचं रेशीम संचालनालयही नागपूरलाच आहे. रेशीमअळी मऊ असते, चरबी कमी आणि पाणी भरपूर. शिवाय फवारा लागलेल्या पानावर ती सहसा तग धरत नाही. मात्र संगोपनगृहात अळ्यांवर निर्जंतुकीकरणाची पूड टाकतात, म्हणून तिथली मोठी अळी थेट खाऊ घालू नका. लहान चॉकी अळ्या आणून आपल्या अंगणातल्या तुतीच्या पाल्यावर वाढवा आणि मग द्या.

विकत आणलेले किडेही त्याच दिवशी देऊ नयेत. प्रवासात ते उपाशी असतात, आणि रिकाम्या पोटाच्या किड्यातून सरड्याला फारसं पोषण मिळत नाही. त्यांना एक-दोन दिवस शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खाऊ घाला. शेवग्याच्या १०० ग्रॅम पानांत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. पाला घरचा असेल तर उत्तम. बाजारातला असेल तर वाहत्या पाण्यात धुवा.

कॅल्शियमचं गणित

सरड्याला एक भाग फॉस्फरसमागे साधारण दोन भाग कॅल्शियम लागतं. रातकिडे, मीलवर्म, झुरळं या सगळ्यांत हे प्रमाण उलटं असतं. नुसते किडे खाऊन वाढणारं पिल्लू मग स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम वापरू लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला कंप सुटतो. म्हणून किडे डबीत घालून त्यांना फॉस्फरसविरहित कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीत घोळवून द्यावं. वाढत्या पिल्लाला जवळजवळ रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा.

एक गोष्ट ठासून सांगतो. पानाला लावायचा चुना वापरू नका. त्यातही कॅल्शियम असतं हे खरं, पण तो दाहक असतो आणि तोंड-अन्ननलिका भाजून काढतो.

पहिला आठवडा

एका वेळी एकच नवा किडा सुरू करा. पहिल्या दिवशी दोन-तीनच. किड्याची जाडी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी; मोठा घास आतड्यात अडकू शकतो. दोन-तीन दिवस विष्ठा पाहा. ती बांधलेली असेल आणि सरडा तरतरीत असेल तर संख्या वाढवा. आठवडाभर सगळं ठीक असेल तरच दुसऱ्या प्रकाराकडे वळा.

पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढं द्या. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा किडे पुरेत. बाकी पोट भाजीने भरायला हवं. उरलेले किडे लगेच काढून घ्या. पेटीत राहिलेला रातकिडा रात्री झोपलेल्या सरड्याला चावतो. विष्ठेवरून फिरलेला किडा सरड्याने नंतर खाल्ला तर जंत आणि कॉक्सिडियासारखे परजीवी पुन्हा त्याच्या पोटात जातात. हाताळणीनंतर साबणाने हात धुणं सक्तीचं, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना यापासून दूरच ठेवा.

आपले ऋतू

पचन उष्णतेवर चालतं. तापायच्या जागेवर ३८ ते ४२ अंश असेल तरच किडे पचतात. म्हणून खाणं सकाळी, सरडा तासभर तापल्यावर. आणि दिवा मालवायच्या आधी किमान दोन तास काहीच नाही. भारनियमनाची वेळ ठाऊक असेल तर तीही धरा. थंडीत सरडा सुस्तावून खाणं सोडत असेल तर बळजबरी करू नका. थंड अंगात न पचलेला किडा पोटातच सडतो.

उन्हाळ्यात काळजी किड्यांचीही घ्यावी लागते. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या घरात जातो. पत्र्याखाली ठेवलेला मीलवर्मचा डबा दुपारभरात संपतो. डबा घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा, पण कूलरच्या झोतात नको, कारण ओलाव्याने डब्यातल्या कोंड्याला बुरशी धरते. पावसाळ्यात कोंडा उन्हात वाळवून वापरा. बुरशीचा वास आला तर किड्यांसकट सगळा डबा टाकून द्या.

कधी थांबायचं?

उलटी, रक्ताळलेली किंवा सतत पातळ विष्ठा, मागच्या पायांत अशक्तपणा, तोंड उघडून धापा, अंगाचा रंग अचानक काळा पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर खाणं बंद करा आणि प्राणी पशुवैद्याकडे न्या. किड्यानंतर लगेच उलट्या-धापा सुरू झाल्या तर विषबाधा समजा आणि सकाळची वाट पाहू नका. सोबत तो किडा किंवा त्याचा फोटो न्या. किडे सुरू केल्यावर महिन्याभरात एकदा विष्ठा तपासून घ्या.

या प्राण्याला स्वतःचं अन्न शोधण्याचं स्वातंत्र्य आपण ठेवलेलं नाही. म्हणून त्याच्या प्रत्येक घासाचा हिशेब आपल्याकडे असायला हवा : किडा कुठून आला, काय खाऊन वाढला, केव्हा दिला. वहीत एवढं लिहून ठेवलंत तर आजारपणात पशुवैद्यालाही तुमचीच वही सर्वांत आधी उपयोगी पडेल.

पुढील आठवड्यात : शेवगा, घोळ, भोपळा – विदर्भातल्या भाजीबाजारातून सरड्याचं ताट.