देखभालीचा ठेका आणि तपासणीची जबाबदारी

सरकारी इमारतीची देखभाल ठेक्याने देण्यात गैर काही नाही. पण मोजमाप वहीत गिलावा किती चौरस मीटर झाला हे लिहिले जाते. तो किती पावसाळे टिकेल हे नाही. म्हणून करारात दोषदायित्वाची मुदत असते: तेवढ्या काळात निघालेला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. तो दोष पाहणारा मात्र खात्याचा हवा.

तपासणीही बाहेर दिली, म्हणून जबाबदारी संपत नाही. मुंबईचा हिमालय पादचारी पूल सल्लागाराच्या तपासणीत किरकोळ दुरुस्तीपुरता ठरला होता. १४ मार्च २०१९ रोजी तो कोसळला; ७ जण गेले.

आपल्या राजेंद्रनगरातल्या एखाद्या सरकारी शाळेची गच्ची गळली, तर मुदत संपण्याआधी लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.