घरातलं माणूस जेलमध्ये असेल तर

हा विषय बैठकीत कोणी मोठ्याने काढत नाही. पण गोराई-मनोरीचे गट असोत, आरेतले पाडे असोत की मुलुंडच्या डोंगरालगतच्या वस्त्या, फिरताना तो कानावर येतोच. एखादी ताई बाजूला घेऊन हळूच म्हणते, "पोरगा आत आहे गं, कुठे जायचं ते सांग ना." मग तीच ताई दोन बैठका चुकवते, हप्ता थकतो आणि गटात कुजबुज सुरू होते.

भेटायला जाणं हा नुसता मायेचा प्रश्न नाही. त्याला तारखेला कोर्टात नेलं का, वकील भेटला का, जामीन मंजूर होऊनही तो आतच बसलाय का, याचा पाठपुरावा घरच्यांइतका दुसरं कोणी करत नाही. आणि आपल्याकडे जेलमधले बहुतेक जण कच्चे कैदी असतात, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. हे कुजबुज करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

आधी माणूस नेमका कुठे आहे ते बघा. पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी मिळाली की जेलमध्ये पाठवतात. पुरुषांना आर्थर रोड, ठाणे किंवा तळोजा, बायकांना बहुतेक वेळा भायखळा. आर्थर रोडची क्षमता हजाराच्या आत आणि माणसं कित्येक पटींनी जास्त, त्यामुळे तिथून दुसरीकडे हलवतातही. वकिलाला विचारल्याशिवाय निघू नका. गोराईची बाई होडीने बोरिवली, तिथून गाडीने महालक्ष्मी, मग सातरस्ता असं करत पोचते आणि कळतं की मुलाला तळोज्याला नेलंय. रोजंदारी बुडते ती वेगळीच. मुलुंड-घाटकोपरकडून आर्थर रोडला चिंचपोकळी जवळ पडतं. तळोज्यासाठी हार्बरने खारघरला उतरायचं.

भेटीला जेलच्या भाषेत मुलाखत म्हणतात. कच्च्या कैद्याला साधारण आठवड्यातून एकदा मिळते, शिक्षा झालेल्याला त्याहून कमी वेळा. मूळ आधार कार्ड आणि झेरॉक्स घ्या, सकाळी लवकर जा, मोबाइल आत नेता येत नाही. बोलणं बहुधा काचेपलीकडून इंटरकॉमवर, तेही थोडा वेळ. पहिली पाच मिनिटं रडण्यात जातात, ते साहजिकच आहे. पण कागदावर प्रश्न लिहून न्या: पुढची तारीख कधी, वकील येऊन बोलला का, तब्येत कशी, औषध मिळतं का, पैसे लागतात का. घरचा डबा कोर्टाच्या परवानगीशिवाय जात नाही, म्हणून आदल्या रात्री पोळ्या लाटत बसू नका. पैसे मनीऑर्डरने पाठवता येतात, ते त्याच्या खात्यावर जमा होतात आणि कॅन्टीनमध्ये वापरता येतात. मनीऑर्डरवर त्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि कैदी नंबर लिहा.

जाणं जमत नसेल तर ई-मुलाखत आहे. राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवर नाव नोंदवायचं, मंजुरी आली की मोबाइलवर चेहरा बघून बोलता येतं. गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला हे दहा मिनिटांत जमेल. पत्रही लिहा. ते तपासलं जातं, म्हणून केसबद्दल त्यात काही नको. शाळेतल्या मुलाचे मार्क, पागोळ्यांची गळती, कोणाचं लग्न ठरलं, असलं लिहा. पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं, ते काचेपलीकडच्या बोलण्याचं होत नाही.

आता केसचं. सीएनआर नंबर मागून घ्या, तो सोळा अक्षर-आकड्यांचा असतो. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख दिसते, मग "ताई, तारीख पडली" या एका वाक्यावर कोणी पैसे काढू शकत नाही. कोर्टाच्या आवारात "पंधरा हजार द्या, आठवड्यात बाहेर काढतो" म्हणणारे भेटतात. असल्यांसाठी गटातून कर्ज उचलू नका, हे मी स्पष्टच सांगते. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ तेच सांगतं. उपनगर जिल्ह्याचं प्राधिकरण वांद्र्याला आहे, आणि १५१०० या नंबरवर फोन करता येतो.

जामीन झाला पण जामीनदार नाही, म्हणून माणसं महिनोन्‌महिने अडकतात. गरिबाची खरी अडचण इथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं. तुम्ही स्वतःही लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. केंद्राची गरीब कैदी साहाय्य योजना २०२३ पासून आहे. तिच्यातून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी (२०२३ च्या मूळ नियमांत ४०,००० रुपयांपर्यंत) आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरायला २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. शिवाय जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात कलम ४७९ आहे: याआधी कधीच गुन्हा सिद्ध न झालेल्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं. म्हणजे तीन वर्षांच्या गुन्ह्यात एक वर्ष. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना किंवा एकाहून जास्त केसेस असलेल्याला हे लागू नाही. वकिलाला विचारा, "साहेब, ४७९ लागतं का?" हा आकडा ऐकून तोही फाईल उघडेल.

टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या जेलमध्ये काम करतो. त्यांचे समाजकार्यकर्ते आतल्या माणसाला आणि घरच्यांना दोघांना भेटतात. शिक्षा झालेल्यांच्या घरासाठी २०२२ साली येरवड्यातून 'जिव्हाळा' कर्ज योजना सुरू झाली: राज्य सहकारी बँकेचं ५०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज, ७ टक्के व्याजाने, परतफेड कैद्याच्या जेलमधल्या मजुरीतून.

आई भायखळ्याला असेल तर सहा वर्षांखालचं मूल तिच्याजवळ राहू शकतं. त्याहून मोठं मूल आजीकडे असेल तर त्याला "आई गावाला गेलीय" सांगत बसू नका, शाळेत कोणीतरी बोलतंच. वयाला झेपेल तेवढं खरं सांगा आणि जमेल तेव्हा भेटीला न्या.

आणि अध्यक्ष-सचिव ताईंना एक विनंती. अशा घरच्या सदस्याचा हप्ता थकला तर ठराव करून मुदत द्या, बैठकीच्या वहीत कारण "घरगुती अडचण" एवढंच लिहा, आणि भेटीच्या दिवशी तिची लहान पोरं कोण सांभाळेल ते त्याच बैठकीत ठरवा.