घरातलं जास्तीचं सामान : कुणाला द्यायचं, कसं द्यायचं?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान जवळ आला म्हणून घराची साफसफाई काढली होती. कपाटातून माझ्या मुलीचा एक जांभळा फ्रॉक निघाला. ईदला घेतलेला, जेमतेम तीनदा घातलेला, आता तिला आखूड झालेला. माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करते. मी फ्रॉक धुतला, इस्त्री केली आणि मधल्या सुट्टीत गुपचूप तिच्या दप्तरात ठेवला.

ईदनंतर शाळेत कार्यक्रम होता. ती मोठ्या हौसेने तो फ्रॉक घालून आली. तेवढ्यात एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "हा तर टीचरच्या मुलीचा फ्रॉक आहे!" ती काहीच बोलली नाही. पुढचे तीन दिवस मात्र शाळेत आली नाही.

फ्रॉक चांगला होता. माझी नियतही वाईट नव्हती. पण देताना मी फक्त माझ्या कपाटाचा विचार केला, तिचा केला नाही. घरातलं जास्तीचं सामान दुसऱ्याला देणं ही नेकी आहेच, पण ती नीट करायची तर काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. त्या इथे मांडते.

सामान साचतं कुठून?

आपल्याकडे गरिबाच्या घरातही लोखंडी पेटी असते आणि पेटीत न वापरलेलं सामान असतं. जहेजातली स्टीलची भांडी, लग्नात आलेल्या चादरी, 'मुलीच्या लग्नाला होईल' म्हणून ठेवलेलं ताट-वाट्यांचं सेट. त्यावर सेलमधले कपडे, जुने मोबाईल, बंद पडलेला मिक्सर. 'कधीतरी लागेल' या एका वाक्यावर अर्धं घर भरतं.

सहीह मुस्लिममधल्या एका हदीसचा आशय असा आहे की घरात एक बिछाना पुरुषासाठी, एक पत्नीसाठी, एक पाहुण्यासाठी, चौथा सैतानाचा. इथे पाहुण्याची सोय मोजलेली आहे. मुद्दा घर रिकामं करण्याचा नाही. जे कुणाच्याच उपयोगाचं नाही ते नुसतं धरून ठेवू नये, हा आहे.

हनफी मसलकात याला हिशेबाची बाजूही आहे. रोजच्या वापरातल्या घरगुती सामानावर जकात नाही. पण मूळ गरजेपेक्षा जास्त, वर्षानुवर्षं न वापरलेलं सामान सदका-ए-फित्र आणि कुर्बानी वाजिब आहे की नाही हे ठरवताना मोजलं जातं. कर्ज वजा जाता अशा सामानाची किंमत निसाबाएवढी, म्हणजे साडेबावन्न तोळे चांदीएवढी भरत असेल, तर तो माणूस जकात घेण्यासही पात्र राहत नाही. आपली पेटी या हिशेबात कुठे बसते, हे जवळच्या आलिमांना एकदा जरूर विचारावं.

किल्लारीने शिकवलेला धडा

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. मी तेव्हा उमरग्याला सातवीत होते. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव अशी गावं मातीला मिळाली. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली.

मग देशभरातून मदत आली. धान्य, औषधं, पत्रे, तंबू. त्याने कितीतरी जीव सावरले, हे विसरता येणार नाही. पण मला रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडलेला कपड्यांचा ढीगही आठवतो. त्यात कोट होते, बटणं तुटलेले शर्ट होते, फाटके परकर होते. जन्मभर नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या बायका त्या ढिगातून काय उचलणार? अब्बा तेव्हा म्हणाले होते, "लोकांनी मदत पाठवली आणि सोबत घरचा कचरापण पाठवला." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

2025 च्या सप्टेंबरमध्ये भूम-परांड्याकडे पूर आला, घराघरांत पाणी शिरलं. तेव्हा ओळखीचे लोक फोन करून विचारत होते, "कपडे पाठवू का?" मी म्हणायचे, आधी तिथे कुणाला तरी फोन करा. कारण चिखलाने भरलेल्या घराला आधी अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, झाडू-बादल्या लागतात, आणि भिजलेल्या दप्तरांच्या जागी कोऱ्या वह्या लागतात. द्यायची वस्तू आपल्या कपाटाने ठरवायची नसते, घेणाऱ्याच्या गरजेने ठरवायची असते.

सूरह बकराच्या 267 व्या आयतीत हीच ताकीद आहे. जी वस्तू आपल्याला कुणी दिली तर आपण नाक मुरडून घेऊ, ती अल्लाहच्या नावाने देऊ नका, असा तिचा आशय. आणि आले-इमरानची 92 वी आयत सांगते की आवडत्या गोष्टीतून खर्च केल्याशिवाय खरी नेकी हाती लागत नाही. म्हणजे खिळखिळी खुर्ची देऊन टाकणं ही साफसफाई झाली. त्याला सदका म्हणायची घाई करू नये.

मयताचं सामान : आधी हक्क, मग सदका

आपल्याकडे कुणी वारलं की चाळीस दिवसांच्या आतच त्यांचे कपडे, भांडी, पलंग 'सवाबासाठी' वाटून टाकतात. इथे मोठी चूक होते. माणूस गेल्यावर त्याची प्रत्येक वस्तू, अगदी घड्याळ आणि चष्मासुद्धा, तर्का म्हणजे वारसांची मालमत्ता होते. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जफेड, मग वसीयत असेल तर ती एक-तृतीयांशापर्यंत, आणि उरलेलं सगळ्या वारसांचं. त्यात मुलींचा हक्क आलाच. सगळे सज्ञान वारस राजी असतील तरच सामान दान करता येतं. वारसांत नाबालिग मूल असेल तर त्याचा वाटा कुणालाही देऊन टाकता येत नाही. बहिणीला न विचारता आईचं सामान वाटणारा भाऊ बहिणीच्या मालातून सदका करत असतो.

द्यायचं कसं?

मी घरात आणि शाळेत जे करून पाहिलं, ते सांगते.

पहिलं, एका दिवशी एकच कपाट किंवा एकच पेटी काढा. अख्खं घर एकदम उपसलं की संध्याकाळी सगळं पुन्हा कोंबलं जातं. तीन ढीग करा : ठेवायचं, द्यायचं, भंगारात घालायचं. फाटकं, तुटकं, बंद पडलेलं तिसऱ्या ढिगात. मऊ सुती कपडे गोधडीला वापरा. मुदत संपलेली औषधं कुणालाही देऊ नका. जुना मोबाईल देण्याआधी त्यातले फोटो आणि नंबर पुसून टाका.

दुसरं, कपडे धुऊन, बटण लावून, घडी करून द्या. स्वतःला विचारा, हाच कपडा मी सख्ख्या बहिणीला हातात देईन का? नाही, तर तो तिसऱ्या ढिगात.

तिसरं, भांड्यांवरचं नाव बघा. आपल्याकडे देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. असं पातेलं गरीब घरी गेलं की रोज चुलीवर तुमचा उपकार चढतो. त्यापेक्षा ती भांडी मोडीत घाला आणि त्या पैशात कोरी, नावाशिवायची भांडी घेऊन द्या.

चौथं, वेळ साधा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. कोप्यांत थंडी काढणाऱ्या या कुटुंबांना तेव्हा रग, स्वेटर, ताडपत्री लागते. जानेवारीत दिलेल्या रगाचा निम्मा उपयोग वाया जातो. पाठ्यपुस्तकांचंही तसंच. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत ती मोफत मिळतात. खरी ओढाताण नववीनंतर सुरू होते. म्हणून नववी ते बारावीची पुस्तकं निकाल लागताच पुढे द्या, मात्र अभ्यासक्रम बदलला नाही ना ते पाहून.

पाचवं, आजारपणातलं सामान. वॉकर, व्हीलचेअर, टॉयलेटची खुर्ची पेशंट गेल्यावर माळ्यावर पडते, आणि शेजारच्या गल्लीत कुणीतरी तीच विकत घेत असतं. मशिदीच्या कमिटीने एक खोली आणि एक रजिस्टर ठेवलं तर वापरून परत करण्याची सोय होईल. ती सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी असावी. सूरह माऊनमध्ये वापरायच्या साध्या वस्तूही नाकारणाऱ्यांची निंदा आली आहे, हे ध्यानात ठेवू या.

सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटो काढू नका. 2015 मध्ये इराणच्या मशहद शहरात एका भिंतीवर खुंट्या ठोकल्या गेल्या. नको असेल तर अडकवा, हवं असेल तर न्या. त्याच कल्पनेवर आपल्याकडेही अनेक शहरांत 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. तिची खुबी हीच की देणारा आणि घेणारा समोरासमोर येत नाहीत. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेली 'गूंज' संस्था याच्या पुढे गेली. गावकरी विहीर, रस्ता, तलावाचं काम करतात आणि त्याच्या मोबदल्यात कपडे-सामान घेतात. म्हणजे घेणारा याचक राहत नाही. या कामासाठी गुप्तांना 2015 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईची माफी मागितली आणि मग जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं, "तुम्हाला खरंच काय लागतंय?" ती म्हणाली, "कपडे आहेत टीचर. शिलाई मशीन कुठे जुनी मिळाली तर सांगा. मला शिवता येतं."

आमच्या घरी सासूबाईंची पायमशीन होती. त्या वारल्यापासून तिच्यावर टीव्ही ठेवला होता. सासरे आधीच गेलेले, म्हणून वारस दोघंच, माझे मिस्टर आणि नणंद. नणंदेला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अम्मीने त्याच मशीनवर माझा लग्नाचा शरारा शिवला होता. दे, भाभी. चालू राहू दे." आम्ही पट्टा बदलला, तेलपाणी केलं आणि मशीन रात्री पोचवली.

त्या बाईने ती फुकट घ्यायला साफ नकार दिला. शेवटी माझ्या दोन मुलींचे युनिफॉर्म शिवून द्यायचे, असं ठरलं. शिवून आणले तेव्हा तिची मुलगी सोबत होती. माझ्या मुलीच्या मापाला टेप लावत तिने मला ऐटीत सांगितलं, "टीचर, बाही थोडी आखूड झालीय. सोडून देऊ का?"