माथ्यावरचं पाणी आधी!

एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी! हे गणित पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो. मराठवाड्यात पाऊस कमी, हे खरंच. पण पडतो तोही आपण मातीसकट वाहून जाऊ देतो.

आपल्या संभाजीनगरात पैठण रस्त्यावर कांचनवाडीला 1980 पासून 'वाल्मी' आहे, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था. नावातच पाणी आणि जमीन जोडीनं आहेत. शेजारच्या जालन्यातलं कडवंची गाव ही जोडी सांभाळल्याचं जिवंत उदाहरण. 1990 च्या दशकात विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं गावकऱ्यांसोबत तिथं पाणलोटाचं काम उभं केलं. क्रम ठरलेला, माथा ते पायथा. आधी डोंगरउतारावर समतल चर, मग शेताची बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बंधारे. चराची रेषा जरा तिरकी गेली की पाणी एका टोकाला साचतं आणि भरावा फोडतं. म्हणून आखणी महत्त्वाची. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या, छाटणी-काढणीनं मजुरांच्या हाताला गावातच काम मिळालं.

माझं ठाम मत: माथा सोडून नुसता नाला खोल करणं म्हणजे अर्धवट काम. यंदा पावसाआधी आपल्या शिवारातले जुने चर बघून या आणि गाळ भरला असेल तर ग्रामसभेत विषय मांडा.